लाल तार, हिरवी तार

मुरलीधरराव खांबेट्यांचं घड्याळ सत्तावन्न वर्षांत एकदाही बंद पडलं नाही, ही गोष्ट लीड्सच्या मराठी मंडळात ज्याने ऐकली नव्हती, तो एक तर कालच विमानातून उतरलेला असायचा नाहीतर ठार बहिरा. गणपतीत ते सांगायचे, संक्रांतीला सांगायचे, एकदा तर कुणाच्या तरी दिवसकार्यालाही सांगून झालं होतं. कोटाची बाही मागे सारायची, मनगट समोरच्याच्या नाकापाशी न्यायचं आणि म्हणायचं, "क्वार्ट्झच्या आधीचं आहे. ट्रान्झिस्टरवर झुलणारं बॅलन्स व्हील. सिक्स्टी-एट. डिझाइन आपलं!" आणि मग, समोरच्याचा हात बटाटेवड्याकडे वळतोय असं दिसलं, की शेवटचा घाव, "आजतागायत बंद पडलेलं नाही."

बंद पडत नव्हतं, कारण दर दोन महिन्यांनी सुप्रभाबाई त्यातला सेल बदलत होत्या.

घड्याळाला सेल लागतो हे मुरलीधररावांना माहीत नव्हतं असं नाही. इंजिनिअर होते ते. पण फ्रिजमध्ये जसं दूध असतं, तसा घड्याळात सेल असतो, अशी त्यांची साधारण समजूत. दूध कोण आणतं हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, मग हा कुठून पडावा? त्यातून हा सेल काही साधासुधा नव्हता. मूळचा होता पाऱ्याचा. तो बाजारातून कधीच गेला. दुकानात आता जो मिळतो तो अंमळ जास्त जोराचा. तो घातला, की आतलं चाक उधळल्यासारखं झुलायचं आणि घड्याळ दिवसाला दहा-दहा मिनिटं पुढे पळायचं. सुप्रभाबाईंनी बावीस वर्षं हॉस्पिटलच्या कानाच्या विभागात श्रवणयंत्रं दुरुस्त केली होती. तिथे त्यांना उमगलं, की कानाच्या यंत्राचा सेल ताकदीने पाऱ्याच्या सेलच्या जवळपास जातो. तेव्हापासून नवऱ्याच्या कानासाठी येणाऱ्या पाकिटातला एक सेल त्या काढून घ्यायच्या, त्याचं तपकिरी स्टिकर सोलायचं, भोवती कागदाची बारीक रिंग बसवायची आणि घड्याळाच्या पोटात घालायचा. म्हणजे गेली कित्येक वर्षं मुरलीधररावांचं नाव आणि मुरलीधररावांचे कान एकाच पाकिटावर चालले होते.

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लपवलंही नव्हतं. सुप्रभाबाईंचा नियमच असा, की कुणी विचारलं नाही ते आपण होऊन सांगायला जायचं नाही. या नियमापायी त्यांच्या पोटात बरंच काही साठून राहिलं होतं, आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते आता जरा वर यायला लागलं होतं.

निमित्त झालं एका ईमेलचं. शहरातल्या एका छोट्या म्युझियममध्ये प्रदर्शन भरणार होतं: बाहेरून आलेल्या माणसांनी यॉर्कशरच्या कारखान्यांत काय काय केलं, त्याचं. तिथे काम करणारी ईशिता नावाची मुलगी मराठी निघाली, लंडनजवळ पिनरला वाढलेली. तिने मंडळाकडे चौकशी केली आणि मंडळाने, सुटकेचा निःश्वास टाकत, तिला खांबेट्यांचा पत्ता दिला. शनिवारी दुपारी दोनला ती येणार, व्हिडिओ घेणार, घड्याळ चालताना टिपणार आणि मग ते घड्याळ काचेच्या पेटीत कायमचं ठेवलं जाणार. पेटीखाली पाटी. पाटीवर नाव.

शार्दूलने, त्यांच्या मुलाने, मेडनहेडहून फोन केला. "बाबा, प्लीज पॉइंटवर बोला हं. तिला दोन मिनिटांची क्लिप हवीय."

"इतिहास दोन मिनिटांत होत नसतो."

"तुमचा दोन तासांत पण होत नाही. आई, तू बस त्यांच्या शेजारी. भरकटले की चिमटा काढ."

"बसते की," सुप्रभाबाई म्हणाल्या.

बसायचं तर त्यांनी आधीच ठरवलं होतं. ईशितासाठी त्यांनी एक फोल्डर तयार केलं. वर मुरलीधररावांचं डिप्लोमाचं सर्टिफिकेट, मग पेटंटची प्रत, ज्यावर दोन साहेबांच्या मागे तिसरं नाव 'एम. जी. खांबेटे', मग लॅबचा ग्रुप फोटो. आणि सगळ्यांच्या तळाशी एक पिवळी पडलेली, तळहाताएवढी चिठ्ठी. ती चिठ्ठी त्यांनी तीन घरं बदलताना सांभाळली होती, आणि मुरलीधररावांनी ती कधी पाहिली असेल तर विसरायला त्यांना सत्तावन्न वर्षं मिळाली होती.

सुप्रभाबाईंची अपेक्षा अवाजवी नव्हती. माफी नको, कौतुक नको, पेटंटवर नाव तर आता ब्रह्मदेवही घालू शकत नव्हता. मुरलीधररावांनी कॅमेऱ्यासमोर, आपण होऊन, एकदा म्हणावं, 'कॉइलची आयडिया हिची.' तीन शब्द वापरले की झालं. मग त्या फोल्डर पुढे सरकवणार होत्या, चिठ्ठी दाखवणार होत्या आणि सगळ्यांनी मिळून हसायचं होतं.

कारण गोष्ट खरं तर हसण्यासारखीच होती.

लग्न करून सुप्रभा लीड्सला आली ती सहासष्टच्या डिसेंबरात. मुरलीधर तेव्हा हॉलरॉइड नावाच्या घड्याळाच्या कारखान्यात, लॅबमध्ये. घरात बसून गारठण्यापेक्षा बरं, म्हणून दोन महिन्यांत सुप्रभाही त्याच कारखान्यात लागली, कॉइलच्या खोलीत. उत्तरेच्या खिडक्यांखाली बत्तीस बायका ओळीने बसून केसापेक्षा बारीक तार गुंडाळायच्या. कुणी शिंकलं तरी तार तुटे. बाकीच्यांची दिवसातून वीस वेळा तुटायची, सुप्रभाची एखाद-दुसऱ्या वेळी. शेजारची डोरीन म्हणायची, "तू श्वास घेतेस की नाही गं?"

त्या काळात विजेवर चालणारी घड्याळं नवी होती आणि त्यांचं एकच रडगाणं होतं. आतलं चाक झुलताना दर खेपेला एका बारीक तारेला शिवायचं, ठिणगी पडायची, आणि वर्षभरात ती जागा जळून जायची. हॉलरॉइडने ठरवलं, शिवाशिवी नकोच. चाकावर तांदळाच्या कणीएवढी दोन चुंबकं बसवायची आणि खाली एक कॉइल. कॉइलमध्ये दोन तारा. चुंबक जवळ आलं, की एका तारेला चाहूल लागते, ती ट्रान्झिस्टरला उठवते. ट्रान्झिस्टर दुसऱ्या तारेत वीज सोडतो आणि ती चाकाला धक्का देते. पाळण्याला देतात तसा. पाळणा हाताशी आला, की हलकेच. ना आधी, ना नंतर.

कागदावर सुंदर होतं. लॅबमधल्या चाचणीच्या फळ्यावर चाळीस घड्याळं सोमवारी चालू करून लावली, की शुक्रवारपर्यंत त्यांतली दहा-बारा मान टाकायची. सेल जरा दमला, की संपलंच. पाच महिने लॅबमधल्या साहेबांनी डोकी खाजवली. मुरलीधर घरी आला, की स्वयंपाकघराच्या टेबलावर कॉइल पसरून बसायचा आणि पोळ्या लाटायला जागा उरायची नाही.

शेवटी पोळ्यांसाठीच सुप्रभाने विचारलं, "ती चाहुलीची तार तुम्ही आत गुंडाळता आणि धक्क्याची बाहेर. आतली बिचारी माजघरात बसलेली. दारात कोण आलंय ते तिला कसं कळणार? दोघींना बरोबरच गुंडाळा ना, एका हातातून. जोडीने."

"तसं नसतं ते. त्याला थिअरी असते."

"मग थिअरीला सांगा टेबल मोकळं करायला."

थिअरीने टेबल मोकळं केलं नाही. तेव्हा सुप्रभाने एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डोरीनला दारात उभं केलं आणि दोन रिळं मशीनवर चढवली. टोकं ओळखू यावीत म्हणून एक तार लाल मुलाम्याची, एक हिरव्या. तीन कॉइल झाल्या. चौथीला मुकादम आला. डोरीनला अचानक खोकला झाला, पण उशीर झाला होता. मुकादमाने जागच्या जागी चिठ्ठी फाडून हातात ठेवली: 'कामगार ४१७, मिसेस एस. खांबेटे, कॉइल विभाग. परवानगीशिवाय मशीन वापरून लाल व हिरवी तार एकत्र गुंडाळून वाया घालवली. तीन नग. पुन्हा घडल्यास कामावरून कमी. ११ मार्च १९६८.'

ते तीन नग रुमालात बांधून घरी आले. बायकोचं तोंड बंद करावं एवढ्याच हेतूने मुरलीधरने ते लॅबमध्ये नेले. पुढच्या आठवड्यात तो घरी आला, काही बोलला नाही, आणि आमटी दोनदा मागून घेतली. तिन्ही घड्याळं चालूच होती. जोडीने गुंडाळलेल्या तारा मध्येच आपसात गुणगुणायला लागायच्या, तेव्हा तिथे एक चिमुकला कपॅसिटर लावायचा हे मुरलीधरने शोधलं. ते त्याचं. सुप्रभाबाईंनी त्या कपॅसिटरवर कधी हक्क सांगितला नाही. ज्याचं त्याला.

रिपोर्टात मात्र लिहिलं होतं, 'तारा एकत्र गुंडाळल्यास उत्तम परिणाम मिळतो असे आढळून आले.' कुणाला आढळून आले ते लिहिण्याची इंग्रजी रिपोर्टात पद्धत नाही. सोयीची भाषा आहे.

"तुझं नाव घातलं तर म्हणतील, हा लॅबचं काम घरी नेतो. नोकरी जाईल. पुढे बघू आपण," मुरलीधर म्हणाला होता. त्यात खोटं काही नव्हतं. सुप्रभाने मान डोलावली. मग चार वर्षांत क्वार्ट्झ आलं, त्यात हॉलरॉइड बुडालं, साहेब मेले, डोरीन गेली. सगळं झालं. फक्त ते 'पुढे' काही आलं नाही.

ते आता शनिवारी दुपारी दोनला येणार होतं.

ईशिता वेळेवर आली. तरतरीत, नाकात चमकी, पायांत चिखलाचे बूट, जे तिने न सांगता दारात काढले. सुप्रभाबाईंनी तेवढ्यावर तिला निम्मे मार्क दिले.

"आजी, सॉरी हां, माझा मराठी थोडी वाईट आहे."

"चालेल. आमचं इंग्लिशपण साठ वर्षांत तेवढंच सुधारलंय. चहात दूध चालतं ना?"

"ओट मिल्क आहे का?"

ओट नव्हतं. कोरा चहा घेऊन ती काचेच्या खोलीत बसली, जिथे मुरलीधरराव सकाळपासून टाय लावून तयार होते. ही त्यांची खोली. रिटायर झाल्यापासून ते इथे मंडळींची घड्याळं उघडत. काही दुरुस्त होत, काही निदान उघडी राहत. टेबलावर चिमटे, भिंग, आणि एक निळी डबी, लाल बटणाची. कुठल्याही वस्तूला चुंबकपणा चिकटला असेल तर तो उतरवण्याचं ते यंत्र. येईल ते घड्याळ मुरलीधरराव आधी त्या डबीवरून फिरवत. देवळात गेल्यावर घंटा वाजवावी तसं. स्वयंपाकघरातली कात्रीही त्यांनी एकदा शुद्ध करून दिली होती. त्यांचं स्वतःचं ते घड्याळ मात्र या टेबलाच्या वाऱ्याला कधी उभं राहत नसे. ते सुप्रभाबाईंच्या कपाटात, स्वेटरांच्या घडीत असायचं. "तिथे ऊब असते," असं त्यांनी एकदा सांगितलं होतं आणि मुरलीधररावांना ते पटलं होतं.

फोन एका स्टँडवर चढला. लाल ठिपका लागला. आणि मुरलीधरराव सुरू झाले.

पन्नास मिनिटांत त्यांनी बोटीचा प्रवास, पहिली थंडी, साहेबाचा पाइप, ट्रान्झिस्टरची जात आणि हॉलरॉइडच्या कॅन्टीनमधला पुडिंगचा रंग, असं सगळं घेतलं. सुप्रभाबाई शेजारी बसल्या होत्या. फोल्डर मांडीवर होतं. त्यांनी एकदाही चिमटा काढला नाही. गाडी हळूहळू का होईना, सिक्स्टी-एटच्या मार्चकडे चालली होती.

"फाइव्ह मन्थ्स," मुरलीधरराव म्हणाले. "पाच महिने सगळं अडलेलं. आणि मग एक दिवस मला क्लिक झालं."

सुप्रभाबाईंनी फोल्डरच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"तुम्हाला क्लिक झाला? कसा?" ईशिताने विचारलं.

"होतं तसं. इंजिनिअरिंग म्हणजे फिफ्टी पर्सेंट इन्स्टिंक्ट."

ईशिता हुशार होती. तिने जरा थांबून विचारलं, "आजीपण तुमच्या फॅक्टरीत होती ना? शार्दूल अंकल फोनवर म्हणाला."

"होती की! ही होती ना." मुरलीधररावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं, अगदी प्रेमाने पाहिलं, आणि म्हणाले, "पॅकिंगला."

पॅकिंगला! पॅकिंगची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि सुप्रभाबाईंनी आयुष्यात तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात लबाडी असती तर बरं झालं असतं. लबाडीशी भांडता येतं. तिथे काहीच नव्हतं. पुसलेली पाटी. इतक्या वेळा गणपतीत, संक्रांतीत गोष्ट सांगताना ती जागा जरा खरखरीत लागत असणार, मग एखाद्या वर्षी त्यांनी ती गुळगुळीत केली असणार, आणि आता ती त्यांच्याही हाताला लागत नव्हती.

तरीही सुप्रभाबाईंनी फोल्डर मांडीवरच ठेवलं. अजून एक संधी होती.

मुरलीधररावांनी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. ईशिताने फोन जवळ नेला आणि तिच्या तोंडून "ओह" निघालं. आतलं चाक झरझर झुलत होतं, आणि त्याच्या खाली ती कॉइल, हिरव्या-लाल झाकेची, पैठणीच्या काठासारखी.

"हे किती ब्यूटिफुल आहे! आजोबा, दोन रंग का आहेत?"

सुप्रभाबाईंनी फोल्डरच्या तळाची चिठ्ठी दोन बोटांत धरली.

"रंग ना? काही नाही," मुरलीधरराव म्हणाले. "तारेचं रीळ ज्या रंगाचं आलं त्या रंगाचं लावायचे बायका. त्याला अर्थ नाही."

सुप्रभाबाईंनी चिठ्ठी सोडली. फोल्डर मिटून शेजारच्या स्टुलावर ठेवलं.

"पण आजोबा, हा घड्याळ तीन मिनिट पुढे आहे," ईशिता फोनकडे बघून म्हणाली.

तीन मिनिटं पुढे असणारच. पाहुणी यायची म्हणून सुप्रभाबाईंनी कालच सेल बदलला होता, आणि ताजा सेल पहिले दोन दिवस जरा उड्या मारतो. सोमवारपर्यंत आपोआप ताळ्यावर आलं असतं. हे त्यांना कुणी विचारलं नाही.

"पुढे?" मुरलीधररावांच्या कपाळाला आठी पडली. कॅमेऱ्यासमोर तीन मिनिटं म्हणजे चारचौघांत धोतर सुटल्यासारखं. "मॅग्नेटाइझ झालं असणार. हे तुमचे फोन. त्यांच्या पाठीला चुंबकाची चकती असते हल्ली. काही काळजी नको, दोन सेकंदांचं काम आहे. हेही रेकॉर्ड कर, लोकांना शिकायला मिळेल."

आणि त्यांनी घड्याळ उचलून निळ्या डबीवर ठेवलं.

सुप्रभाबाईंना आधी वाटलं, थट्टा करतायत. मग कळलं, नाही. चाकावर चुंबकं आहेत हे त्यांना माहीत होतं. आत्ता अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच कॅमेऱ्याला सांगितलं होतं. पण ते माहीत होतं तोंडाला. हाताला माहीत होतं ते एवढंच, की घड्याळ बिघडलं की डबीवर ठेवायचं. हे घड्याळ त्यांच्या हाताचं कधी नव्हतंच, हे त्या क्षणी सुप्रभाबाईंना जितकं स्वच्छ दिसलं तितकं सत्तावन्न वर्षांत दिसलं नव्हतं. लाल बटण दाबलं, की ती डबी भलं चुंबक आणि बुरं चुंबक बघत बसणार नव्हती. आणि चाकावरच्या चुंबकाच्या कण्या त्या काळच्या होत्या, चुंबकपणा सहज सोडून देणाऱ्या, आजच्यासारख्या हट्टी नव्हेत.

मुरलीधररावांनी बटण दाबलं. काही झालं नाही. डबीची वायर भिंतीकडे गेली होती, सुप्रभाबाईंच्या खुर्चीमागच्या प्लगला. प्लगचा स्विच बंद होता.

"अगं, जरा तो स्विच ऑन कर."

एक शब्द पुरला असता. 'अहो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. साठेक वर्षांच्या संसारात 'अहो'चे चाळीस सूर असतात, आणि त्यातला एक 'थांबा' असा आहे. तो सूर सुप्रभाबाईंच्या गळ्यापर्यंत आला. त्यांनी त्या कॉइलकडे पाहिलं. त्यांच्या हातची, उरलेली शेवटची. फळ्यावरच्या त्या तीनपैकी एक. बाकीच्या दोन कुठल्या कचऱ्यात गेल्या कोण जाणे. सत्तावन्न वर्षं त्यांनी तिला ऊब दिली होती, सेल दिला होता.

पॅकिंगला, त्यांना आठवलं.

त्यांनी हात मागे नेला आणि स्विच दाबला. टक्.

डबी गुणगुणली. मुरलीधररावांनी रीतसर, शिकवल्यासारखं, घड्याळ सावकाश वर उचललं आणि टेबलावर ठेवलं. सेकंदाचा काटा थरथरला. एक पाऊल अर्धवट टाकलं, आणखी एक, त्याहून लहान. आणि थांबला.

"चालेल आता," मुरलीधरराव म्हणाले.

त्यांनी घड्याळ टिचकीने वाजवलं, हलवलं, कानाला लावलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बॅटरी असेल. अगं, बॅटरी आहे का घरात?"

सुप्रभाबाईंनी ड्रॉवरमधून पाकीट काढून पुढे धरलं.

"हे काय? कानाचे सेल! घड्याळाची मागतोय मी. हिला ना..." ते ईशिताकडे बघून हसायला गेले, पण हसू तोंडातच मोडलं.

ईशिताने म्युझियमच्या घड्याळांचं बघणाऱ्या माणसाला फोन लावला आणि तो घेऊन स्वयंपाकघरात गेली. सुप्रभाबाई कपबशा घेऊन मागोमाग. फोन स्पीकरवर होता. पलीकडचा म्हातारा ग्रॅहम म्हणाला, चुंबक उतरवायच्या डबीवर? बॅलन्सवर चुंबकं असलेलं घड्याळ? अरे देवा. ते गेलं. तसली चुंबकं आता कोण बनवणार! आणि जरा थांबून पुढे म्हणाला, विचित्र आहे. ज्याने ते बनवलं तो काहीही करेल, पण हे नाही. त्याला झोपेतही कळलं असतं.

ईशिताने फोन ठेवला. "आजोबांना नको सांगायला," ती म्हणाली. "एटी-सिक्स आहेत ते. विसरले असेल."

"हो. वय झालं," सुप्रभाबाई नळाखाली कप धरत म्हणाल्या.

"आम्ही तरी ठेवू एक्झिबिशनमध्ये. बंद घड्याळपण चालते. मी पेपर्सचे फोटो काढून घेते, ओके?"

सुप्रभाबाईंचे हात पाण्यात थांबले. येताना स्टुलावरून उचललेलं फोल्डर ईशिताच्या हातात होतं. सर्टिफिकेट झालं, पेटंट झालं, ग्रुप फोटो झाला. मग कागद कागदाला घासल्याचा आवाज आला.

"आजी."

"काय गं?"

"तुम्ही कॉइलमध्ये होतात. पॅकिंगमध्ये नाही." ती चिठ्ठी पुन्हा वाचत होती, या वेळी ओठ हलवत. "लाल आणि हिरवी... इलेव्हन्थ मार्च. आजोबांच्या पेटंटवर डेट एप्रिलची आहे." तिने मान वर केली. डोळे मोठे झाले होते. "आजी, हे तुम्ही केलं? ही आयडिया तुमची होती?"

विचारलं! स्वच्छ, सरळ, नाव घेऊन. सत्तावन्न वर्षांत नवऱ्याने नाही, मुलाने नाही, मंडळातल्या एका माणसाने नाही, आणि आज ही नाकात चमकी घातलेली पोरगी ओल्या ओट्याशी उभी राहून विचारत होती. उत्तर तयार होतं. ते इतकी वर्षं तयार होतं, की त्याला गंज चढायचीही वेळ टळून गेली होती.

आणि काचेच्या खोलीतून टिचक्यांचा आवाज येत होता. टक्, टक्. थोडं थांबून, टक्.

ज्याने बनवलं त्याला झोपेतही कळलं असतं. हो म्हणायचं, तर मग स्विचचंही सांगावं लागणार होतं. आत्ता नाही सुचलं, तरी रात्री घरी जाऊन व्हिडिओ बघताना या पोरीला सुचेल. हुशार आहे. हो म्हटलं, तर पाटीवर नाव लागेल, आणि ज्या हाताने बनवलं त्याच हाताने मारलं, हेही त्या नावाला चिकटून येईल. सुप्रभाबाईंनी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. हिशेब फार सोपा होता. तो त्यांनीच, एका बोटाने, चुकता करून टाकला होता.

"छे गं," त्या म्हणाल्या. "पोरवय होतं. जेवणाच्या सुट्टीत चाळा करत होते. तार वाया घालवली आणि बोलणी खाल्ली, एवढंच."

"नक्की?"

"त्यात लिहिलंय ना. वाया घालवली."

ईशिताने चिठ्ठी पुन्हा एकदा पाहिली. मग खांदे उडवून हसली. "सो स्वीट! मी हे पण डिस्प्लेमध्ये लावू? फॅक्टरी लाइफ म्हणून? लोकांना खूप फनी वाटेल."

"लाव की."

"आणि व्हिडिओमध्ये एंडला तुमचा फक्त हात येतोय, स्विचवर. डोन्ट वरी, मी तो कट करते."

ती बूट घालून गेली. सुप्रभाबाई काचेच्या खोलीत आल्या, तेव्हा मुरलीधरराव टाय सैल करून बसले होते. घड्याळ समोर उताणं, पोट उघडं. त्यांच्या कानातलं यंत्र बीप करत होतं. सेल संपत आला, की ते तसं करतं.

"एकदाही बंद पडलं नव्हतं," ते म्हणाले. "आजच कसं पडलं?"

सुप्रभाबाईंनी पाकिटातला सेल काढला, तपकिरी स्टिकर सोललं आणि मिनिटभर हवा लागू दिली. मग त्यांच्या कानातलं यंत्र काढून घेऊन त्यात तो बसवू लागल्या. या पाकिटातला एकही सेल आता कमी होणार नव्हता.

"तू काही म्हणालीस का?" मुरलीधररावांनी विचारलं. यंत्र अजून कानात गेलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही."